गोडाच्या जिल्ह्यात

एकतीस वर्षं मी उसाचा रस मोजला.
बोटभर नळकांडं डोळ्याला लावायचं,
काचेवर दोन थेंब,
निळं जिथं संपतं तिथला आकडा वाचायचा.
अठरा भरला की मान हलवायची,
मग टोळी कोयते घेऊन फडात शिरायची.
मुलगी झाली ती ऐन गळितात. नाव ठेवलं मधुरा.
कारखान्यात असल्यावर माणूस दुसरं काय ठेवणार?

तिला मात्र पहिल्यापासून चिंच, कैरी, आवळा.
आता दिंडोरीकडं वाइनरीत असते, प्रयोगशाळेतच.
संक्रांतीला आली ती ओल्या वर्तमानपत्रात
मुळ्या फुटलेल्या नऊ काड्या गुंडाळून.
"सोव्हिन्यो ब्लाँ," म्हणाली,
"पन्हाळ्याची थंडी हिला मानवेल, बघा."
"काय म्हणालीस? सावित्री?" हिनं विचारलं.
तेव्हापासून आमच्या परसात नऊ सावित्र्या.

खाली जांभा. पहार आपटली की मनगटात वाजायची.
दस्तगीर मुजावर कुंपणावरनं बघत होता:
"साहेब, द्राक्षं तिकडं तासगावला. हितं धुकं पिकतंय."
खोटं नव्हतं. पहिल्याच आषाढात
ढग खिडकीतनं आत आले, महिनाभर राहिले.
केवडा म्हणजे अत्तर, एवढंच मला ठाऊक;
पानाखाली पांढरी लव धरते, पान करपून गळतं,
त्यालाही केवडाच म्हणतात, हे साठीत कळलं.

मोरचूद भिजवला प्लास्टिकच्या बादलीत, चुना वेगळ्या.
विळ्याचं पातं बुडवून बघायचं,
तांबूस चढलं तर चुना कमी.
हे जमलं मला. हे तर जुनंच काम,
कशात तरी काहीतरी बुडवायचं आणि रंगाची वाट बघायची.
तरी दोन गेल्या. एक वानरांनी उपटली, निव्वळ गंमत म्हणून.
उरल्या सहा.

तिसऱ्या वर्षी माघात घड धरले,
मूठभरच, हिरवट, आतनं उजेड दिसावा असे.
जुनं नळकांडं काढलं. सोळा. मग साडेसतरा. मग एकोणीस.
बरं वाटलं. वहीत लिहिलं.
थांबायचं ठरवलं, बावीस होऊ दे, चोवीस होऊ दे,
साखर चढताना बघत बसणं
याच्याइतकं मला दुसरं काही येत नाही.

फोनवर मधुरा म्हणाली, "आंबटपणा किती?"
मी म्हणालो, "तो कशाला मोजायचा?"
पलीकडं जरा वेळ काहीच नाही.
मग म्हणाली, "बाबा, त्याच्यासाठीच तर पन्हाळा.
रात्री गार असतात तोवर तो टिकतो.
गोड काय, कुठंही होईल."

निवृत्तीला मिळालेल्या शालीत
तडा गेलेली ब्युरेट गुंडाळून ठेवलेली.
थेंब थेंब सोडत गेलो, ही चहा घेऊन उभी.
गुलाबी फिरलं. पुन्हा केलं. तेच आलं:
साडेसात, आणि परवा आठ होतं.
आठ दिवसांत निम्मं उतरलं असतं,
मी साखरेकडं बघत बसलो असतो.

पहाटे चारला तोडलं. हिच्या हातात बॅटरी,
माझ्या हातात शिवणाची कात्री.
घड इतके गार की बोटं बधिर.
अकरा किलो. घमेल्यात टाकताना आवाजसुद्धा होईना.
एक मणी हिनं तोंडात टाकला,
डोळा मिटला, खांदा वर गेला,
"अगंबाई," म्हणाली,
आणि दुसरा घेतला.

उजाडल्यावर मुजावर आलाच.
"गोड झालीत का, साहेब?"
खाली धुक्यातनं कुठल्यातरी गुऱ्हाळाचा धूर वर येत होता,
काकवीचा वास थेट अंगणापर्यंत.
"नाही," मी म्हणालो.
जरा मोठ्यानंच म्हणालो असेन,
कारण आतनं ही बघायला आली.

वहीत शेवटचा रकाना उताऱ्याचा.
कारखान्याचीच वही, छापील.
तिथं काय लिहावं सुचेना.
बरणी कोनाड्यात आहे, फडकं बांधून.
रात्री मधूनच बुडुक करते.
आम्ही दोघं जागे असतो, कुणी बोलत नाही.